वाळवणाच्या जागी वांगी

आमच्या घरात पत्रकं खूप होती. बाबा कामगार चळवळीतले, त्यामुळे मी अक्षरं जुळवायला शिकले तीच पत्रकांवर. घरातला निर्णयसुद्धा बैठकीत व्हायचा, हात वर करून. अंगणातली शहाबादी फरशी काढून तिथे भाजीपाला लावायचा ठराव मीच मांडला. विकतच्या भाजीवरच्या औषधांवर तावातावाने बोलले. बाबांचा, भावाचा आणि माझा हात वर गेला. आई चहा घेऊन बाहेर आली तेव्हा बाबा म्हणाले, "मंजूर झालं." आई म्हणाली, "बरं."

दिवाळी झाल्यावर आम्ही फरशी उचलून कुंपणाला टेकवली. निफाडच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून शेणखत आणलं. वांगी, टोमॅटो, मिरच्या, मेथी लावली आणि दाराजवळ एक वाफा स्ट्रॉबेरीचा केला, सुरगाण्याकडून आणलेल्या रोपांचा. तो माझा हट्ट. थंडीत पहिली लाल फळं आली तेव्हा मी फाटकावर हाताने लिहिलेला कागद लावला: 'आपलं अंगण, आपलं अन्न'. गल्लीतल्या बायका मेथी खुडून न्यायच्या, कौतुक करायच्या. मला तर वाटलं, गल्लीत क्रांती झाली.

होळी गेली, ऊन तापलं. एका सकाळी कामावरून लवकर घरी परतले तर दाराला कुलूप. आईला शोधत गल्लीच्या टोकाच्या इमारतीपर्यंत गेले. ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती, मांडीवर कुरडयांचा पितळी सोऱ्या घेऊन. वर गच्चीवरून बायकांचं हसणं ऐकू येत होतं.

"काकू, चिकात गुठळ्या होतायत हो!" वरून कुणीतरी ओरडलं.

"हात थांबवू नका गं! ढवळत राहा!" आई मान वर करून ओरडली. "आणि गॅस बारीक करा!"

"तुम्हीच या ना वर!"

"माझ्या गुडघ्यांना सांग ते!"

वर पुन्हा हशा. आईही हसली. मग तिला मी दिसले आणि ती हसायची थांबली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आजूबाजूला इमारती उभ्या राहिल्यापासून गल्लीत जमिनीवर दिवसभर ऊन येणारं अंगण आमचंच उरलं होतं. दर उन्हाळ्यात बायका आमच्याकडे जमायच्या. कुरडया, पापड, सांडगे, सगळ्यांचं वाळवण एकत्र, आणि मधे पाटावर आई. चीक शिजला की नाही हे तीच ठरवायची. मी तिथे लहानाची मोठी झाले, ओल्या कुरडया पळवून खाल्ल्या. तरी ठराव मांडताना हे माझ्या मनातही आलं नाही. बायकांच्या न मोजलेल्या श्रमांवर मी पत्रक लिहिलं होतं. आईच्या फरशीवर मात्र मीच पहार चालवली.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"कधी सांगणार? तुमचं मंजूर झालं होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

चीक शिजल्यावर वरची एक सूनबाई खाली येऊन सोऱ्या घेऊन गेली. आई रिकाम्या हातांनी बसून राहिली. मी तिच्या शेजारी बसले. वरून कुणी काही विचारलं की ती तेवढ्यापुरती सरळ व्हायची.

संध्याकाळी मी सगळंच उपटायला निघाले. तिने माझं मनगट धरलं. "वेडी आहेस का? फळाला आलेलं कुणी उपटतं?"

"मग फरशी कुठे घालू ते तू सांग."

ती वाफ्यांमधून हळूहळू चालत गेली. ऊन कुठपर्यंत टिकतं ते तिला पाठ होतं. "वांगी राहू दे कडेला. टोमॅटो संपतच आलेत, ते काढ. मिरच्या कुंडीत घाल." मग ती दाराजवळ थांबली. स्ट्रॉबेरीची पानं उन्हाने करपली होती, फळ तर कधीच संपलं होतं. दिवसभरात सगळ्यात जास्त ऊन तिथेच यायचं.

"हा वाफा पहिला काढते," मी म्हणाले.

"नको, तो असू दे," ती म्हणाली. "तुला आवडते ती."

मी तिचं ऐकलं नाही. एवढ्या एका बाबतीत तरी नाही. पण मुळं हातात आली तेव्हा आई माझ्याकडे बघत होती, आणि मला मान वर करता येईना.