काट्याने वरण

परिषदेच्या जेवणात मी एक किस्सा रंगवत होतो, आणि जॉर्जियाहून आलेल्या नीनोबाई सगळे हसले की जरा उशिराने हसत होत्या. मराठीचा गंध नाही, नुसते आमचे चेहरे बघून. एकटं पडू नये म्हणून माणूस न कळलेल्या विनोदालाही हसतो.

सामाजिक मानसशास्त्राची ही छोटी आंतरराष्ट्रीय परिषद. ‘छोट्या परिषदेत माणसं खरोखर जवळ येतात,’ असं अर्जात मीच झोकात लिहिलं, म्हणून अनुदान मिळालं आणि नीनोबाईंचं विमानाचं तिकीट निघालं. विषय परकेपणा! पण पानं वाढली की आम्ही सारे मराठीवर येतो.

नीनोबाईंनी माझ्या बाहीला हात लावला. इंग्रजीत म्हणाल्या, “मलाही सांगा ना. किती छान हात नाचवता तुम्ही!”

“सांगा की सर, आता!” शेजारच्या सुलभाताईंनी डोळे मिचकावले.

काय सांगणार, कपाळ! काट्याने वरण पकडणाऱ्या नीनोबाईंचीच तर मी नक्कल करत होतो.

मी घाईघाईने त्यांच्या पानात आणखी दोन जिलब्या वाढल्या.

“किती प्रेमळ माणसं तुम्ही!” त्या म्हणाल्या, आणि पोट भरलेलं असूनही निमूट खाऊ लागल्या.