सासऱ्यांचे जुळे डोंगे

भाऊबीजेच्या दिवशी नदीपलीकडून निरोप आला की मावशी माणसं विसरायला लागली आहे. मावशी म्हणजे माझ्या सासूची धाकटी बहीण. पोटच्या लेकालाच तिनं "कोनाचा रे तू?" म्हणून विचारलं होतं. सासूच्या हातातली फुंकणी तशीच राहिली. "मले ओळखते तवरिक एकदा नेऊन द्या तिच्याकडं," ती म्हणाली. एवढंच मागणं. आणि एवढ्या मागण्यापायी आमच्या घरच्या दोन शहाण्यांनी अख्खा हिवाळा खाल्ला. आजही आठवलं की माझं डोकं तापतं.

मावशीचं गाव वैनगंगेच्या खालच्या अंगाला, गडचिरोलीच्या बाजूचं. रस्त्यानं जायचं तर पुलाचा मोठा वळसा, आणि सासूच्या खुब्यात सळई घातलेली. मागे ऑटोतून दवाखान्यात नेलं तर कितीतरी दिवस ती खाटेवरून उठली नव्हती. म्हणून नदीनंच न्यायचं ठरलं. आमचं घर मासेमारीचं, नदी दारातलीच. पण एकट्या डोंग्यात, म्हणजे आमच्या अरुंद होडीत, उकिडवं बसावं लागतं, ते तिला जमणार नव्हतं. दोन डोंगे शेजारी शेजारी बांधून वर बांबूची ताटी टाकली की मात्र खाट मांडता येते, चूल नेता येते, पोरं लोळू शकतात. सगळं घरच पाण्यावरून जाऊ शकतं. प्रश्न एवढाच होता की कोणते दोन डोंगे घ्यायचे.

खरं तर तोही प्रश्न नव्हता. सासऱ्यांनी एकाच झाडाच्या खोडातून दोन डोंगे कोरले होते, सारख्या लांबीचे, सारख्या बुडाचे. वाटणीत एक माझ्या नवऱ्याला आला, एक थोरल्या भावाला, म्हणजे माझ्या भासऱ्यांना. नवऱ्याचा अजून रोज पाण्यात असतो. भासऱ्यांनी फायबरचा डोंगा घेतला आणि आपला लाकडी गोठ्यामागे पालथा टाकला. शेंबड्या पोरालाही कळलं असतं की जोडी हीच. पण वाटणीपासून एकमेकांकडून काडीपेटीही मागायची नाही असा दोघांचा बाणा. हा म्हणे, "मी काऊन मांगू?" तो म्हणे, "मांगल्याबिगर मी काऊन देऊ?" तेही एकमेकांना नाही. दोघंही येऊन सासूला सांगायचे.

मग सुरू झाली पाहणी. मुलगी पाहायला गेल्यासारखे हे नावा पाहत फिरले आणि प्रत्येकीत खोट काढून परत आले. नागभीडला एक जण पत्र्याचे डोंगे बनवून देतो असं कळलं. नवरा दिवसभर जाऊन आला आणि म्हणाला, "पत्रा तपते. बुढीचे पाय भाजतीन." मी म्हटलं, बुढी खाटेवर बसणार, तिचे पाय पत्र्याला लागतील कसे? त्यावर त्यानं जेवायला वाढ म्हटलं. सिंदेवाहीकडच्या एका तलावावर मोटारीची नाव होती, ती म्हणे वाळूत रुतेल. ड्रमांचा तराफा पाहिला, तो म्हणे धारेत वळत नाही. इकडे सासू रोज दिवे लागले की विचारायची, "पाहली का रे एखादी?" मला तिच्याकडे बघवत नसे.

संक्रांतीच्या सुमारास सासूनं जेवण टाकलं, तेव्हा दोघांना जाग आली. त्यांनी काढलेला तोडगा फक्त आमच्याच घरात निघू शकतो. कोणी मागायचं नाही, कोणी द्यायचं नाही, प्रत्येकानं आपापला रोजचा डोंगा आणायचा. एक लाकडी, जड, पाण्यात खोल बसणारा. दुसरा फायबरचा, वर वर तरंगणारा. ताटी एका अंगाला कलली आणि सासूची खाट घसरायला लागली. मी ती दोन्ही हातांनी धरून बसले. धारेत शिरताच नाव लाकडी बाजूला वळली आणि वळतच राहिली. "तुहा डोंगा वढते!" "तुहाच कागदावानी हाय!" भांडत भांडत आम्ही गोल फिरून आमच्याच घाटाला लागलो. धुणं धुणाऱ्या बायांनी विचारलं, "आल्या का भेटून?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमच्यात धाकटी सून भासऱ्यांशी बोलत नाही. पदर घ्यायचा आणि बाजूला व्हायचं. लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. अगदीच अडलं तर त्यांना ऐकू जाईल असं दुसऱ्या कोणाला तरी सांगायचं. त्या संध्याकाळी मी त्यांच्या गोठ्यात गेले. ते धार काढत होते, आणखी कोणीच नव्हतं, म्हणून मी म्हशीलाच सांगितलं. "आयक वं म्हशी. एका बुढीले तिची बहीण पाहाची हाय. गोठ्यामागं डोंगा पडून हाय. इथी कोनी मांगत नाई, कोनी देत नाई. तं मी मांगून राह्यली. देता का नाई, सांगा मनाव."

धार थांबली. भासरेही म्हशीलाच म्हणाले, "घेऊन जा मनाव. पन तडकला हाय."

तडकलाच होता. उन्हात पडून बुडाला बोट जाईल अशा भेगा पडल्या होत्या. असा डोंगा दगड भरून पाण्यात बुडवून ठेवावा लागतो. लाकूड फुगून भेगा मिटेपर्यंत थांबायचं, त्यात घाई चालत नाही. दोघं भाऊ रोज काठावर जाऊन बघून यायचे, वेगवेगळ्या वेळी. या दोघांनाच दगड बांधून बुडवावं, असं मला वाटायचं.

महाशिवरात्रीच्या तोंडावर आम्ही निघालो. पाणी उतरलं होतं, जागोजागी वाळू उघडी पडली होती. पण ती जोडी काय चालली! ताटी जमिनीसारखी सपाट, खाट जागची हलली नाही. पोरं पालथी पडून पाण्यात हात घालत होती. सासूनं बहिणीसाठी वाळवलेली लाखोळीची भाजी मांडीवर धरली होती. "सीधी चालते," नवरा म्हणाला. "चालनारच," भासरे म्हणाले. किती वर्षांनी दोघं नीट बोलले. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. ही जोडी दिवाळीतही एवढीच सरळ चालली असती.

मावशी अंगणात खाटेवर ऊन खात बसली होती. माझ्या खांद्यावर भार देत सासू तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. मावशीनं वर पाहिलं, पदर सारखा केला आणि सरकून जागा दिली.

"बसा ना बाई. कोन्या गावच्या तुमी?"

मागे दारात दोघं भाऊ वल्ही हातात घेऊन उभे होते. मी वळून त्यांच्याकडे पाहिलं, तर दोघांनीही माना खाली घातल्या.

"माही बहीण येनार हाय नदीनं," मावशी सांगत होती. "कवाची निंगाली हाय. तिची भेट घेऊनच जाजा."

सासू तिला लागून बसली. भाजीचं गाठोडं तिनं दोघींच्या मध्ये ठेवलं.

"बसते," ती म्हणाली. "येऊ द्या तिले."