पास, ठेवा, फाटलं

माझे सासरे हॉटेलात बसले की मेन्यूकार्ड नंतर बघायचे. आधी टेबलावरचा पेपर नॅपकिन उचलून पाण्याच्या ग्लासात बुडवायचे. जरा वेळाने तो अलगद बाहेर काढायचे, दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचे आणि सावकाश ओढायचे. ऑर्डर घ्यायला आलेला वेटर पेन धरून तसाच उभा. नॅपकिनचे तुकडे ग्लासात पडले की ते त्याला सांगायचे, "फाटलं." वेटर म्हणायचा, "दुसरा देतो साहेब." "दुसराही फाटेल. तुम्ही इडली आणा." डोंबिवलीत त्यांच्या बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना भिजवेकाका म्हणायचे, मीही काकाच म्हणायचो. खरं आडनाव वेगळं होतं, पण ते फक्त लाइट बिलावर यायचं.

ते एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत होते. कंपनी कागदात घालायचं रेझिन बनवायची. कागद पाण्यात पडला तरी त्याचा चोथा होऊ नये म्हणून ते लगद्यातच मिसळतात. चहाच्या डिपडिप पिशव्या, चांगले नॅपकिन, थंड बाटल्यांवरची लेबलं, हे सगळं त्या रेझिनच्या जोरावर. पेपर मिलमध्ये जाऊन ते कागदात नीट बसलंय की नाही, हे बघणं काकांचं काम. हे ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला समजावून सांगायचे. "कोरडा असताना कुठलाही कागद चांगलाच असतो हो. भिजल्यावर ताकद जाणारच. सगळी कोणाचीच राहत नाही. थोडी उरली पाहिजे." तोवर समोरच्याचा मजला आलेला असायचा.

त्यांचे शेरे तीनच. पास, फाटलं आणि ठेवा. पहिले दोन कोणालाही कळतील. तिसऱ्याची गंमत अशी, की मशीनवरून उतरलेल्या ताज्या कागदात हे रेझिन लगेच पक्कं होत नाही. रीळ गोदामात नुसतं पडून राहिलं की ते हळूहळू मुरतं. मिलवाल्यांना कायम घाई. "काका, गाडी उभी आहे, आत्ताच सांगून टाका ना!" काका कँटीनमध्ये जाऊन बसायचे. "आत्ता विचारलंत तर कागद खोटं सांगेल. ठेवा." मग ती गाडी रिकामी परत जायची.

मेधा मला पहिल्यांदा घरी घेऊन गेली तेव्हा मी कोपरीच्या आमच्या घरून इस्त्रीचा शर्ट घालून गेलेलो. सगळी उत्तरं फटाफट दिली. मेधाने पढवलेलं म्हणून रेझिनबद्दलही एक प्रश्न विचारला. निघताना सासूबाईंनी आत हळूच विचारलं, "कसा वाटला?" स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं.

"ठेवा," काका म्हणाले.

मेधा जिन्यात खो खो हसत सुटली. मला काही हसू आलं नाही. लग्न झालं ते मेधामुळे. "बाबा, मी काय गोदाम आहे का ठेवायला?" असं तिने तोंडावर विचारलं, तेव्हा काकांनी हॉल बुक केला. पण शेरा काही बदलला नाही. लग्नानंतरही ते माझी ओळख "हे मेधाचे मिस्टर" अशीच करून द्यायचे. समोरच्या ब्लॉकमधले जोशी आपल्या जावयाला जिन्यातून "या जावईबापू" म्हणून हाक मारायचे, आणि मी मात्र कुरिअरवाल्यासारखा दारात, मेधाचा मिस्टर. माझे वडील मी शाळेत असताना गेलेले. या माणसाने एकदा तरी मला आपलं म्हणावं, इतकंच मला हवं होतं. खोटं कशाला बोलू, ते फार लागायचं मला.

आमच्या लग्नाच्या पत्रिका काकांनी स्वतः छापून घेतलेल्या. कागद अर्थातच खास, कुठल्याशा मिलमधून आणलेला. लग्नानंतर उरलेल्या पत्रिका माझ्या आईने बादलीत भिजत घातल्या. आईला कागदाच्या लगद्यात मेथीची पूड घालून टोपल्या करायची हौस. एरवी वर्तमानपत्राचा दोन दिवसांत छान लगदा व्हायचा. या पत्रिका काही केल्या विरेनात. आई रोज काठीने ढवळायची आणि रोज बादलीतून "चि. अजित" आणि "चि. सौ. कां. मेधा" जसेच्या तसे वर यायचे. शेवटी वैतागून तिने डोंबिवलीला फोन लावला.

"अहो मेधाचे बाबा, तुमचा कागद भिजतच नाहीये!"

"भिजतो. सुटत नाही," काका म्हणाले. त्यांचा आवाज इतका आनंदी मी कधीच ऐकलेला नव्हता. "लगदाच हवा असेल तर कॉस्टिक सोडा घालून उकळायला लागेल."

"मला टोपली करायचीये, साबण नाही!"

दुसऱ्या दिवशी काका कोपरीला हजर. चहासुद्धा न घेता थेट मोरीत गेले, बाह्या सरसावून बादलीतली एक पत्रिका काढली, चिमटीत धरून ओढली आणि मान डोलावली. "पास." आईने कपाळाला हात लावला. पत्रिका पास झाली आणि मी होतो तिथेच.

एकदा मी धीर करून विचारलंच. आम्ही गच्चीत चहा पीत होतो. "काका, माझं काय ठरलं मग?" त्यांनी नाटकबिटक केलं नाही, कशाबद्दल म्हणून विचारलंही नाही. "तुम्ही अजून कोरडेच आहात. सगळं नीट चाललंय तुमचं. त्यावरून काय सांगणार?"

"म्हणजे माझं वाईट व्हायची वाट बघताय?"

"छे छे," ते बशीत चहा ओतत म्हणाले. "ठेवा."

गेल्या वर्षी काकांना पॅरालिसिसचा झटका आला. आम्ही तोवर बाळकुमला राहायला गेलेलो, म्हणून ठाण्यातल्याच हॉस्पिटलात ठेवलं. दिवसा मेधा थांबायची, ऑफिस सुटल्यावर मी. त्यांना भरवायचं, पुसून घ्यायचं, कूस बदलायची. उजवी बाजू गेलेली, बोलणं बंद. एका संध्याकाळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता फार आशा धरू नका. मी हो हो म्हणत आत आलो, त्यांच्या पेजेची वाटी हातात घेतली आणि मला रडू कोसळलं. आवरेचना. डोळे पुसत, नाक ओढत मी तसाच एकेक चमचा भरवत राहिलो.

काका माझ्याकडे बघत होते. वाटी संपली तेव्हा त्यांनी डावा हात पुढे केला, माझं बोट चिमटीत धरलं आणि सावकाश ओढायला लागले. हातात जोर तो कसला असणार! पण थोडा होता. मी बोट सोडवलं नाही.

तेवढ्यात सिस्टर आल्या. पेशंटला रोज काहीतरी विचारायचं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. "आजोबा, हे कोण तुमचे?"

काकांचे ओठ बराच वेळ हलत राहिले. मग जड, पण स्वच्छ शब्द आला.

"पास."

"अजून ओळख पटत नाहीये," सिस्टर मला हळूच म्हणाल्या.

"पटली हो सिस्टर, पटली," मी म्हणालो आणि लहान पोरासारखा भोकाड पसरून रडलो. सिस्टरनी घाईघाईने ट्रेवरचा नॅपकिन माझ्या हातात कोंबला. मी तोंड पुसलं, तर त्याचा पार चोथा झाला आणि तुकडे दाढीच्या खुंटांना चिकटले. काकांनी ते नीट निरखून पाहिलं.

"फाटलं," ते म्हणाले.

त्यानंतर काका काही बोलले नाहीत. त्याच आठवड्यात गेले. शेवटी भान नव्हतं त्यांना, काहीबाही बोलले, असं नातेवाईक अजून म्हणतात. म्हणोत बापडे. नॅपकिन खरोखरच भिकार होता.