बाळंतिणीचा पाव

बाजरीचं पीठ टिकत नाही. ज्वारीचं चार दिवस डब्यात राहील, पण बाजरी आज दळली की उद्या-परवा कडवट लागायला लागते. म्हणजे बाजरीची भाकरी खायची तर रोज पहाटे जात्यावर बसणं आलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं माझ्या या एका कंटाळ्यापायी झालं, आणि लोक त्याला माझी माया म्हणत राहिले.

मी बारामतीची. आमच्या आळीत इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी होती. डोक्यावर पाटी घेऊन जायचं, गरम पीठ घेऊन यायचं, दळणाशी माझा संबंध एवढाच. लग्न होऊन अंथुर्ण्याला आले तेव्हा लासुर्ण्याच्या अंगाला साखर कारखान्याची चिमणी नवीनच धूर सोडायला लागली होती, पण आमच्या गावात गिरणी नव्हती. पाटाच्या पाण्यावरचा भाजीपाल्याचा मळा, घरात मालक आणि सासरे. सासऱ्यांना सगळा गाव आबा म्हणायचा. सासू माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. त्यांचं जातं मात्र होतं, आणि ते असलं जड की पहिल्या आठवड्यातच माझ्या तळहाताला फोड आले. मी त्या दगडाला मनातल्या मनात काय काय बोलले असेन, ते लिहिण्यासारखं नाही.

नणंद कळसला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला ती आमच्याकडे आली, माझ्याहून लहान, आणि आई नसलेली. आबांनी बाजरीचं पोतं माजघरात आणून टेकवलं. डिंक, अळीव, गुळाची ढेप, सगळं आणलं आणि मला म्हणाले, "पोरीला आई न्हाय. आता तूच." मी पदर सावरून हो म्हटलं. मुलगी झाली, सुखरूप सुटका झाली, आबांनी गूळ वाटला.

बाळंतिणीला काय घालायचं ते मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. माझ्या आईनं माझ्या देखत दोन सुनांची बाळंतपणं केली होती. दुधात कुस्करलेली गरम बाजरीची भाकरी, वर तूप, शेपूची नाहीतर मेथीची भाजी, डिंकाचा लाडू, अळिवाची खीर. मी पहिले काही दिवस केलंही तसं. पण आमची रोजची भाकरी ज्वारीची, ती दळून ठेवता यायची. बाजरी तेवढी एकट्या बाळंतिणीसाठी. तेवढ्यासाठी पहाटे उठायचं, मग न्हाणीचं पाणी, बाळाची दुपटी, मळ्यातल्या माणसांच्या भाकरी. माझे खांदे भरून यायचे आणि मला राग यायचा. कुणाचा, ते मी स्वतःलाही विचारलं नाही.

मालक वांगी-मेथी घेऊन बारामतीच्या बाजाराला निघाले तेव्हा मी त्यांना पाव आणायला सांगितला, आणि बिस्किटं, आणि पांढरी साखर. कारण तयार होतं. बारामतीत डॉक्टर आजाऱ्याला दूध-पाव सांगायचे, ते मी लहानपणापासून बघितलेलं. बाजरी उष्ण, कोवळ्या अंगाला जड, पाव हलका. आबा जरा कुरकुरले, तो पाव पायानं तुडवून करतात म्हणे. पण डॉक्टरचं नाव काढल्यावर ते गप्प झाले. आमच्या घरी डॉक्टर आला होता कधी? छे! बाळंतीण आजारी तरी कुठं होती! चांगली धडधाकट होती, तिला सपाटून भूक लागायची.

पाव आला आणि शेजारच्या बायका बघायला आल्या. पांढराशुभ्र, दाबला की दबतो, सोडला की फुगतो. भावजय असावी तर अशी, एवढा खर्च कोण करतं, असं बोलून गेल्या. मी लाजल्यासारखं केलं. त्या पहाटे मी उशिरापर्यंत झोपले होते. मग मालकांच्या दर खेपेला पाव यायला लागला. जात्यावर मी घडी करून गोधडी ठेवली.

नणंद साखरेच्या चहात बुडवून पाव खायची. मऊ आहे म्हणायची. लाडू केले होते तेही संपले, पुन्हा करायचे राहिले. पालेभाजी रोज मळ्यातून बाजाराला जायची, आणि घरातल्या बाळंतिणीच्या ताटात कधी यायची, कधी नाही. एक दिवस तिनं अगदी हळू विचारलं, "वहिनी, एखादी भाकरी हाय का वं?"

मी म्हणाले, "वन्सं, आता मऊच खायचं. डॉक्टर सांगत्यात."

ती बरं म्हणाली. पुन्हा तिनं मागितली नाही. माहेरात बसून भाकरी मागायला संकोच करावा लागला त्या पोरीला, आणि तो मी करायला लावला.

दूध कमी झालं. बाळ चोखायचं, सोडून द्यायचं आणि किंचाळायचं. मी बघत होते. दृष्ट लागली असेल, म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. मग एका पहाटे गोधडी काढून फेकली आणि वेड्यासारखी दळत सुटले. भाकरी, मेथी, अळीव, लसणाची चटणी, सगळं तिच्यापुढं मांडलं. तिनं खाल्लं. पण दूध काही परत आलं नाही. पोर शेळीच्या दुधावर वाढली. बोंडल्याच्या चोचीतून एकेक घोट मीच तिच्या तोंडात सोडायची.

ती कळसला गेली. पुढं संक्रांतीला आली तेव्हा हसत हसत सांगत होती, "सासूबाई म्हनत्यात, कोरड्या हिरीत पोहरा टाकला आमी." ती हसली म्हणून आम्हीही हसलो. आबा मात्र उठून बाहेर गेले. तिनं ते मनाला लावून घेतलं होतं, आपल्या अंगातच खोट आहे असं तिनं मानलं होतं. आणि मी तिच्या ताटात तिळगूळ ठेवत राहिले. एक शब्द फुटला असता तर काय बिघडलं असतं माझं? पण नाही फुटला.

माझे दिवस भरले तेव्हा माझी आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून बाळंतपण सासरीच ठरलं. न बोलावता नणंद आली, कडेवर काटकुळी लेक घेऊन. मला मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मला जाग आली ती जात्याच्या घरघरीनं. मी पडल्या पडल्या ऐकत होते. ते थांबेचना. असं रोज.

मला दूध आलं ते इतकं की चोळी भिजायची. बाळ पिऊन तृप्त झोपायचं. तिची लेक बाजेशी उभी राहून त्याच्याकडे टक लावून बघायची. मला तिच्याकडे बघवेना. नणंद गरम भाकरी कुस्करून, तूप सोडून ताट पुढं करत होती आणि म्हणत होती, "पोटभर खावा. माझ्यागत व्हायला नको तुमचं."

तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणाले, "वन्सं, तुमच्या अंगात कसली खोट न्हवती. मला दळायचा कंटाळा आला, म्हणून मी तुमाला पाव घातला. तुमी भाकरी मागितली तरी दिली न्हाय."

ती थांबली. मला वाटलं, आता ताट ओढून घेईल. घ्यायलाच पाहिजे होतं.

"काय बी बोलताय, वहिनी," ती म्हणाली. "बाजरी तर कुनाच्या बी घरात मिळती. माझ्यासाठी बारामतीवरनं पाव कुनी आनवला? सासूबाई बोलायला लागल्या की मी त्येच सांगते, आई न्हाय मला, पर माझ्या वहिनीनं मला पाव खाऊ घातला."

मग तिनं भाकरीवर आणखी तूप वाढलं आणि गार व्हायच्या आत खावा, म्हणाली. मी खाली मान घालून खाल्ली.