चार वाजताचा माठ

जाफराबादच्या जिनिंग कारखान्यात चतुराबाई पंधरा वर्षं कापसातले केस, सुतळ्या, प्लास्टिकचे धागे वेचत होती, पण कामावर असताना तिनं कधी घोटभर पाणी पिलं नाही. बायकांना संडासच नव्हता, मग पाणी पिऊन जायचं कुठं? विचारलं की मालक राधेश्यामशेठ म्हणायचे, "फुकटचा खर्चा!" जसं काही बायकांना देहच नसतो.

मागच्या हंगामात परदेशी कापड कंपनीकडून तपासणी करायला एक मॅडम आल्या. कापूस त्यांना पसंत पडला. जाता जाता त्यांनी बायकांच्या माठाचं झाकण उचललं. दुपारचे चार वाजलेले, आणि माठ काठोकाठ भरलेला! त्या काय समजायचं ते समजल्या. ऑर्डर दुसरीकडे गेली. मग शेठला जाग आली. यंदा कापूस यायच्या आत संडास उभे राहिले, आतून कडी लावता येणारे.

काल चार वाजता मॅडम पुन्हा आल्या, त्या थेट माठाकडे. चतुराबाईचा जीव टांगणीला लागला. झाकण निघालं आणि आत तळ दिसला. मॅडम हसल्या, ऑर्डर पक्की झाली. शेठनी कपाळाचा घाम पुसला आणि ते ओरडले, "अरे, माठ भरा जल्दी!"

"अजून एक माठ आणा, शेठ," चतुराबाई म्हणाली. "पंधरा वर्षांची तहान हाय."