माटोळीची रजा

आमच्या घरात बी. कॉम. झालेला मी पहिला, आणि हे मी इंग्लंडातही पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. तिथे मी गोदामात खोकी भरत होतो, ते वेगळं. घराजवळची खाण बंद पडली, तिथली माझी कारकुनी गेली, तेव्हा वडिलांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीवर पोर्तुगालचा पासपोर्ट काढून मी निघालो. इंग्रजी अर्ज लिहिण्यात मी कुणाला हार जाणारा नव्हतो.

त्या वर्षी चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरी मुळगावला पोचणं भागच होतं. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकटीला नारळ, सुपाऱ्यांचे घड, रानातली फळं बांधतात, ती माटोळी. आदल्या वर्षी ती बांधताना वडील शिडीवरून पडले. दोन महिने लंगडले. आता फोनवर म्हणाले, "तू येणार नाय तर मीच चडतंय."

गोदामात आमच्याच भागातला, धारगळचा एक जुना गडी होता; मला थट्टेने 'पात्राव', म्हणजे मालक, म्हणायचा. तो म्हणाला, "पात्राव, हयसर रजा मागूची नसता, सांगूची असता."

मला ते पटेना. खाणीच्या ऑफिसात साहेब अर्ज पेपरवेटखाली ठेवायचा, "बघूया" म्हणायचा, घरची सगळी चौकशी करायचा आणि चौथ्या दिवशी उपकार केल्यासारखी सही ठोकायचा. रजा म्हणजे अशी.

इथल्या फॉर्मवर नाव, दोन तारखा आणि सही. उलटून पाहिला, मागे कोरा. कारणाचा रकानाच नाही! छापताना चुकले असतील म्हणून मी दीड पानाचा अर्ज जोडला. सुरुवात रीतसर, 'आय बेग टु स्टेट'. मग माटोळी. तिला इंग्रजी शब्द सापडेना, तेव्हा लिहिलं की देवाच्या डोक्यावर भाज्या टांगायच्या आहेत, आणि मी चढलो नाही तर वडील पुन्हा पडतील. शेवटी, 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक'.

सुपरवायझरने तो वाचला, पुन्हा वाचला आणि एचआरकडे पाठवला. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. मला उलट धीर आला. पेपरवेट सगळीकडे असतंच.

तिसऱ्या दिवशी एचआरच्या बाईने बोलावलं. दार लावलं, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"इथे तुम्ही कुणाला घाबरता का?"

"नाही," मी म्हटलं. मी मुळगावचा आहे हे तिला माहीत नसावं.

"मग भीक का मागता?" तिने प्रत्येक 'बेग'खाली लाल रेघ मारली होती. "आणि तुम्हाला सेवक कोण म्हणतं?"

"मीच म्हणतो. पद्धत आहे."

"कुणी घातली ही पद्धत?"

तुमच्याच लोकांनी, असं अगदी जिभेवर आलं. पण रजा अडकलेली. गिळलं.

"वर्षभरात तुम्ही एकही सुट्टी घेतली नाही. सुपरवायझरने कधी नाकारली का?"

काचेपलीकडे सुपरवायझर उभा होता, तोंड पांढरंफटक. त्या गरिबाने काय नाकारावं? मी कधी मागितलीच नव्हती, सगळी चवथीसाठी राखून ठेवलेली. हे तिला समजवायला अर्धा तास गेला.

"ही सुट्टी कायद्याने तुमचीच आहे," ती म्हणाली. "कारण सांगावं लागत नाही. वेळेवर कळवायचं, ते तुम्ही कळवलंय. त्या दिवसांत कामाची अडचणही नाही."

"म्हणजे मंजूर?"

"तुमचीच आहे."

"होय हो, पण मंजूर का?"

तिने सुस्कारा सोडला, फॉर्मवर 'मंजूर' लिहिलं आणि सही केली. मग कुठे माझा जीव खाली पडला.

बाहेर सुपरवायझर एवढंच म्हणाला, "पुढच्या वेळी फक्त तारखा लिही रे बाबा." धारगळकर मात्र आठवडाभर हसत होता. "पात्राव, भीक मागूक पण तुका डिग्री लागली!"

चवथीला शिडीवर मी, खाली शिडी धरून वडील.

"सायबान काय इचारल्यान?"

"काही नाही. तिकडे विचारत नाहीत."

"मी पडलंय, ता पण नाय?" त्यांचा चेहरा उतरला. "कसलो माणूस तो!"

"विचारलं नाही, बाबा. पण मी लिहून दिलं होतं. ऑफिसात सगळ्यांनी वाचलं."

"सगळ्यांनी?" वडील खुलले. "मगे बरा. तो नारळ घट बांध."