जैसे थे

परेड शिकवणाऱ्या आमच्या उस्तादांनी मैदानावर 'जैसे थे!' असा आवाज टाकला की शेजारच्या रस्त्यानं चाललेली बैलगाडीसुद्धा थांबायची. खोटं नाही सांगत, एकदा थांबली होती. गाडीवान बिचारा खाली उतरून 'माह्यं काय चुकलं जी?' म्हणून विचारायला लागला. परेडमध्ये हुकूम चुकीचा पाळला गेला की हा शब्द येतो. होतात तसे परत उभे राहा आणि तेच आता नीट करा, एवढाच त्याचा अर्थ. उस्तादांच्या तोंडात तो इतका बसला होता की चहात साखर जास्त पडली तरी ते टपरीवाल्याला कप परत करत आणि म्हणत, "जैसे थे."

आमचं दल पूर्ण वेळच्या शिपायांचं नव्हे. वर्षभर आपापली कामं करायची, आठवड्यातून एकदा परेड आणि सणासुदीला, निवडणुकीला खाकी चढवून बंदोबस्ताला उभं राहायचं. मी बल्लारपूरला शाळेचे गणवेश शिवते, त्यावरच माझं आणि पोरीचं घर चालतं. उस्तादांचं स्टेशनच्या रस्त्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मी घरी तेलुगू बोलणारी ख्रिस्ती बाई, ते बौद्ध, आणि आम्हा दोघांना एकत्र आणणारी गोष्ट म्हणजे लाठी. आमच्या पास्टरच्या बायकोला ते मुळीच रुचलं नाही. "येशूच्या लेकराच्या हातात लाठी शोभते का गं?" मी म्हटलं, "मेंढपाळाच्या हातात काय असते मग, पंखा?" त्यानंतर ती माझ्याशी महिनाभर बोलली नाही.

परेड रविवारी आणि उपासनाही रविवारी. मी उस्तादांकडे सुट्टी मागायला गेले तर ते चाकातून मान वर न काढता म्हणाले, "तुह्या देवाचा टाइम आठचा. माही परेड सहाले लावतो. दोघायलेही उशीर चालनार नाई." आणि खरोखर पूर्ण तुकडीची परेड त्यांनी अलीकडे ओढली. एका बाईसाठी काऊन एवढं, म्हणून पुरुष कुरकुरले, तर त्यांनाच मैदानाला दोन चकरा जास्त मारायला लावल्या. मी खाकी घालूनच चर्चला जायची. बुटांचा चिखल पाहून लोक पाय आखडून बसत. बसू देत!

मी तापट आहे, हे इथवर कळलंच असेल. लाठीचे हात शिकताना मी अशी काही फिरवायची की शेजारच्या बाया आपसूक दूर सरकत. उस्ताद मला मिरची म्हणत, आमची माणसं आंध्राकडची म्हणून. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला बाजूला घेतलं. "मिरची, राग हातात ठेवू नको. राग पायात घाल. पाय जोरात पडन, धूळ उडन, पन कोनाले लागन नाई." तेव्हापासून माझा पाय इतका जोरात पडायला लागला की बुटांच्या टाचा दर वर्षी बदलाव्या लागल्या.

सिंदेवाहीकडं जंगलाला लागून शिबिर होतं तेव्हाची गोष्ट. दिवस मावळताना माझी पहाऱ्याची पाळी आली. त्या भागात वाघ रोजचाच. मी डोळे मिटून प्रार्थना करत होते. मागून आवाज आला, "डोये उघडे ठेवून प्रार्थना कर, मिरची. वाघ आमेनची वाट पायत नाई." मला इतकं हसू आलं की भीती कुठल्या कुठे पळाली. आजही मी डोळे उघडे ठेवूनच प्रार्थना करते, आणि पास्टरना ते खटकतं.

आता ज्या गोष्टीनं माझं डोकं अजून भणभणतं ती सांगते. एका वर्षी मिरवणुकीत आम्ही बायका दोर धरून उभ्या होतो. एका पुढाऱ्याचा पोरगा, पिऊन तर्र, दोराखालून आत घुसला आणि आमच्या शालूची वेणी त्यानं हिसडून ओढली. शालू म्हणजे आमच्यातली सगळ्यात गरीब स्वभावाची बाई. ती ओरडलीसुद्धा नाही. उस्ताद मध्ये पडले. त्यानं उस्तादांच्या थोबाडीत मारली. साठीच्या माणसाच्या! टोपी खाली गुलालात पडली. माझी लाठी वर गेली, आणि ती नेमकी कुठे बसणार हे मला माहीत होतं.

"जैसे थे!"

आणि माझा हात खाली आला. मी आणला नाही, आपोआप आला. इतक्या वर्षांची परेड अंगात भिनलेली. मन ओरडत होतं मार, आणि अंग सावधानमध्ये उभं. त्या क्षणी मला त्या पोराइतकाच उस्तादांचा राग आला होता.

पुढं व्हायचं तेच झालं. पुढाऱ्यानं वरपर्यंत फोन फिरवले. उस्तादांनीच पोराला धक्का दिला असं ठरलं. शालूनं आणि मी दलाच्या साहेबांपुढं उभं राहून जे घडलं ते सांगितलं, साहेब खिडकीबाहेर पाहत राहिले. उस्तादांना सांगण्यात आलं, "आता वय झालं तुमचं. खाकी जमा करा." अख्खं आयुष्य मैदानावर घालवलेल्या माणसाला निरोपाचा नारळ नाही, चहा नाही, काही नाही.

मी तणतणत त्यांच्या दुकानात गेले. "तुम्ही मला थांबवलं नसतं तर त्याचे दात मी तुमच्या हातात आणून दिले असते. एवढा मुळमुळीतपणा कशाला केला?"

ते ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होते. "तू मारली असती तं केस तुह्यावर झाली असती. तुह्या पोरीले कोन पायलं असतं?"

"मग मी पण खाकी टाकते. खड्ड्यात गेलं ते दल."

"अन् शालूले कोनाच्या भरवशावर सोडतं?" मग त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "एवढे वर्सं काय शिकली तू? जैसे थेच्या नंतर काय येते?"

"तोच हुकूम. परत."

"मंग? चूप बसा, असा त्याचा मतलब नाई होत. हुकूम तोच राह्यते. फक्त या खेपेले नीट पाळाचा राह्यते."

मी राहिले. पण चर्चमध्ये माझं बिनसलं ते बिनसलंच. प्रभूच्या प्रार्थनेत दुसऱ्याला क्षमा करण्याची ओळ येते, तिथं माझं तोंड बंद होऊ लागलं. पास्टर समजावायला घरी आले. मी म्हटलं, "थोबाडीत ज्यानं खाल्ली त्यानं माफ करावं. मी नुसती बघणारी. त्याच्या वतीनं माफी वाटणारी मी कोण? आणि ज्यानं मारली त्यानं मागितली तरी आहे का?" पास्टर म्हणाले, देव बघेल. मी म्हटलं, देवानं त्या दिवशीही बघितलंच की.

गेल्या उन्हाळ्यात उस्ताद गेले. दुकानातच कोसळले, हातात पाना होता म्हणे. दलातर्फे कोणी आलं नाही, एक हारसुद्धा नाही. आम्ही बायका पांढऱ्या साड्या नेसून गेलो. तिथं त्रिशरण चाललं होतं, मी हात जोडून उभी होते, आणि पाहते तर आमच्या साऱ्या बाया कोणी न सांगता रांगेत उभ्या होत्या, टाचा जुळवून, पायात नुसत्या चपला.

त्यानंतर दोनच महिन्यांनी दलाचं पथसंचलन निघालं. सगळ्यांत जुनी म्हणून महिला तुकडी माझ्याकडं होती. चौकात मंच, मंचावर सलामी घ्यायला पाहुणे. मी मान वर केली आणि पाहिलं तर तोच, पुढाऱ्याचा पोरगा! गळ्यात हार, अंगावर पांढरं कडक जाकीट, कुठल्याशा समितीचा अध्यक्ष झालेला. माझ्या मागं शालू होती. तिचा श्वास मला ऐकू आला.

मंचासमोर तुकडीप्रमुखानं 'दाहिने देख' म्हणायचं असतं, मग साऱ्या माना पाहुण्याकडं वळतात आणि प्रमुखाचा हात सलामीला जातो. मंच जवळ आला. मी काही बोलले नाही. एकही मान वळली नाही. पाय मात्र असे पडत होते की मंचाचं कापड हललं असेल. पाहुण्यानं सलामीसाठी उचललेला हात तसाच हवेत.

साहेब बाजूनं धावत आले. दातओठ खात म्हणाले, "हुकूम कुठे आहे, बाई? हुकूम!"

"पुढं आहे, साहेब."

"खाकी उतरवावी लागेल!"

"उतरवीन की. आधी हुकूम देऊन घेते."

चौक संपला की स्टेशनचा रस्ता लागतो. उजव्या हाताला उस्तादांचं दुकान. शटर खाली, वर खिळ्याला जुना टायर अजून टांगलेला. मी छातीत सगळी हवा भरून घेतली.

"दाहिने... देख!"

सगळ्या माना एका झटक्यात शटरकडं वळल्या. माझा हात सलामीला गेला. शालू रडत होती आणि तिचा पाय माझ्याहून जोरात पडत होता. दुकान मागं गेलं. 'सामने देख' म्हणायला मी मुद्दाम उशीर केला.